बाळाचे वजन आणि आईबापांचे मन



ज्या गुरुवर्यांच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या स्मृतीस मी प्रथम अभिवादन करतो. या शाळेच्या बाकांवर मी सात वर्षे बसलो. त्यानंतर वैद्यकाचे शिक्षण घेऊन याच बडोदे नगरीत तीस वर्षांहून अधिक काळ लहान मुलांवर उपचार करीत आहे. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, संतसाहित्य, शिक्षण अशा थोर विषयांवर व्याख्याने झाली. त्या मानाने माझा विषय अगदी घरगुती आहे. लहान मुलाच्या वजनाविषयी कोणी काही बोलले, म्हणजे त्याच्या आईबापांच्या मनाचे काय होते, आणि पुढे त्या मुलाचे काय होते, एवढाच तो आहे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. दवाखान्यात येणाऱ्या आया ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत ताप, खोकला आणि जुलाब यांच्या खालोखाल 'मूल खात नाही, अंग धरत नाही' ही तक्रार असते. अशा वेळी मी विचारतो, "असे तुम्हांला केव्हापासून वाटू लागले?" उत्तरात क्वचितच तारीख येते, बहुतेक वेळा एखादे माणूस येते. "नणंदेच्या लग्नाला गेलो होतो, तिथे सगळ्या जणी म्हणाल्या." "बालवाडीत आणायला जाते, तर दुसऱ्या मुलाची आई म्हणाली." मूल आदल्या दिवशी जेवढे होते तेवढेच दुसऱ्या दिवशी असते. मधल्या काळात बदललेले असते ते आईचे मन.

आपल्या भाषेत लहान मुलाच्या अंगकाठीसाठी शब्दांची मुळीच वाण नाही. गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार हे कौतुकाचे. हडकुळा, किरकोळ, रोडावलेला, काडीपैलवान हे दुसऱ्या बाजूचे. बडोद्यात राहणाऱ्या आपल्या मुलांना तर दोन भाषांचा आहेर मिळतो. घरी 'किती बारीक झाला गं!' ऐकून मूल जिना उतरते, तो खाली शेजारच्या मासीबा त्याला 'सुकलकडी' म्हणतात. आणि अंगाने भरलेले असेल तर 'जाडियो' ही पदवी ठरलेलीच. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. हवापाण्यावर बोलावे तसे ते बोलणे असते. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' अशी म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

पण ते वाक्य ज्याच्या कानी पडते, त्याच्या बाजूने ते जरा ऐकून पाहू. "बारीक दिसतोय, खात नाही का?" हे वाक्य वरवर मुलाविषयी आहे, त्याचे उत्तर मात्र आईने द्यावयाचे असते. आणि तिला त्यात एक नव्हे, तीन-चार प्रश्न ऐकू येतात. अंगावरचे दूध पुरले नाही काय? हिला स्वयंपाक येतो की नाही? ही नोकरीवर जाते, तेव्हा मुलाकडे कोण पाहते? या घरात खाण्यापिण्याची ददात तर नाही ना? सुनेला हे प्रश्न सासरच्या दालनात ऐकावे लागतात, तेव्हा त्यांची धार अधिक असते. बाप असेल, तर त्याला आपल्या कमाईवर बोट ठेवल्यासारखे वाटते. मूल अंगाने जड असेल तर आरोपाचे स्वरूप तेवढे बदलते. लाड फार करता, हाताशी येईल ते खाऊ घालता, घरचे अन्न सोडून बाहेरचे आणता, असे त्यातून ऐकू येते. मुलाचे शरीर हे आईबापांचे प्रगतिपुस्तक आहे आणि ते वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने उघडून वाचावे, असा जणू समाजाचा रिवाज आहे.

म्हणून ज्या आया अशा बोलण्याने दुखावतात, त्यांना 'एवढे काय मनाला लावून घ्यायचे' असे म्हणून वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे पोट भरणे हे त्या बाईचे दिवसरात्रीचे काम असते. त्या कामाचे मोल एका वाक्यात कोणी केले, तर ते लागणारच. प्रश्न त्या लागण्याच्या पुढचा आहे. मुलाच्या वजनावरचा शेरा प्रथम आईबापांच्या मनात उतरतो आणि तेथून मुलाच्या ताटात येतो. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढे मी त्याचा विस्तार करणार आहे.

आपला समाज मुलाच्या वजनाकडे इतक्या बारकाईने का पाहतो, याला इतिहास आहे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, दुष्काळ गुजरातेत 'छपन्नियो' या नावाने आजही ओळखला जातो. त्या काळाच्या आठवणी आपल्या पणज्यांनी आपल्या आज्यांना सांगितल्या. दुष्काळ नसतानाही मूल जगणे ही काही गृहीत धरावयाची गोष्ट नव्हती. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. जुलाब किंवा गोवर झाला, म्हणजे आठ दिवसांत मूल निम्मे होई. ज्याच्या अंगावर थोडे अधिक मांस असे, ते त्यातून तरून जाण्याची आशा अधिक. अशा काळात 'बाळसे' हा शब्द सौंदर्याचा नव्हता, तो जीविताच्या भरवशाचा होता. आज एखादी आजी नातवाचा दंड चिमटीत धरून मान हलविते, तेव्हा त्या चिमटीत शंभर वर्षांची भीती असते. हे ध्यानात घेतले, म्हणजे तिच्यावर रागावणे जरा कठीण जाते.

आणखी एक गोष्ट. त्याच आज्यांनी एक संयमही पाळला होता. मुलाच्या गालावर काजळाची तीट लावावयाची, कोणी तोंड भरून कौतुक केले तर संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावयाची, आणि 'बाळाचे वजन किती' हे चारचौघांत सांगावयाचे नाही. दृष्टीवर माझा विश्वास नाही; पण त्या चालीच्या पोटात एक शहाणपण होते, ते असे की मुलाचे शरीर हा चारचौघांत चर्चेचा विषय नव्हे. आपण दृष्ट काढणे सोडले, ते ठीकच झाले. मात्र त्याबरोबर तो संकोचही सोडला.

मधल्या काळात या भीतीचा व्यापारही झाला. दुधाच्या भुकटीच्या डब्यावर गोबऱ्या गालांचे, हातापायांना वळ्या पडलेले बाळ छापलेले असे, आणि आपल्या मांडीवरचे बाळ त्याच्याशी ताडून पाहण्याची सवय मध्यमवर्गीय घरांना लागली. १९९२ साली केंद्र सरकारने या पदार्थांविषयी कायदा केला, त्यात डब्यांवर बाळाचे चित्र छापण्यास बंदी घातली. गावोगाव भरणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांतही पुष्कळदा सर्वांत जड मूल पहिले येई. डब्यावरचे चित्र गेले. मनातले चित्र मात्र अजून पुसले गेलेले नाही.

आता या मनातल्या चित्राशेजारी शरीरशास्त्र काय सांगते, ते ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेतली. आपल्या देशातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. या अभ्यासावरून बांधलेली प्रमाणे २००६ साली प्रसिद्ध झाली आणि ती आपल्या अंगणवाड्यांतही स्वीकारली गेली. त्यांनुसार मुलग्याचे मधले वजन जन्मतः ३.३ किलो, पहिल्या वाढदिवसास ९.६ किलो, दुसऱ्यास १२.२, तिसऱ्यास १४.३ आणि पाचव्यास १८.३ किलो असते. मुलींचे आकडे पहिल्या वर्षी ८.९, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि पाचव्या वर्षी १८.२ असे आहेत.

हे आकडे पाठ करण्यासाठी सांगितलेले नाहीत. त्यांच्यातील अंतर पाहावे. पहिल्या वर्षात मुलगा सहा किलोंहून अधिक वाढतो. दुसऱ्या वर्षात अडीच किलोंच्या आसपास. त्यानंतर दर वर्षी सुमारे दोन किलो. वाढीचा वेग असा एकदम उतरतो, तेव्हा भूकही उतरते. निसर्गाने तसेच योजिले आहे. शिवाय मूल चालू लागते, उंच होते, अंगावरची चरबी कमी होते, गाल आत जातात. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत ते उंचीच्या मानाने बारीकच होत जाते. म्हणजे बोरनहाणात 'काय गुटगुटीत आहे!' म्हणून ज्याचे कौतुक झाले, तेच मूल दोन वर्षांनी त्याच बायकांना रोडावलेले दिसते, आणि दोन्ही वेळा ते निरोगी असते. जे मुलाच्या वयाचे लक्षण, ते आईच्या हयगयीचे लक्षण म्हणून तिच्या पदरात टाकले जाते.

दुसरी गोष्ट मधल्या आकड्याची. मधला आकडा याचा अर्थ निम्मी निरोगी मुले त्याच्या खाली असणार. एक वर्षाचा मुलगा ७.७ किलोंचा असो की १२ किलोंचा, तो अपेक्षित मर्यादेच्या आतच असतो. एवढ्या रुंद रस्त्यावर सगळी मुले मध्यभागीच चालली पाहिजेत, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आईबाप सडपातळ असतील, मूल कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मले असेल, तर ते रस्त्याच्या कडेने चालेल. डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातील इमेसी या खेड्यात काम करताना मुलांच्या वजनाचा जो आलेख रूढ केला, त्याला त्यांनी 'आरोग्याची वाट' अशा अर्थाचे नाव दिले. त्यांचे सांगणे असे की एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. दर महिन्याचे ठिपके जोडून जी रेघ होते, ती कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. रेघ वर चढत असेल, तर मूल बारीक दिसले तरी काळजीचे कारण नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मूल गुबगुबीत दिसले तरी चौकशी केली पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या पुण्याची आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालच्या खेड्यांतील नवजात बालकांचा दीर्घ अभ्यास केला. ही बालके जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधील साउदॅम्पटन येथील बालके ३.५ किलोंची. दिसायला आपली मुले कृश. पण तपशिलात पाहता, त्यांचे स्नायू कमी होते, आणि कातडीखालची चरबी त्या मानाने पुष्कळशी टिकून होती. अशा मुलांचे वजन पुढे झपाट्याने वाढविले, तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो, असे या शास्त्राचे सांगणे आहे. म्हणजे 'बारीक आहे ना, मग घाला तूप' हा उपाय दिसतो तितका निरुपद्रवी नाही. डोळ्यांना जे दिसते, त्यावर मुलाच्या आरोग्याचा निकाल देता येत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आता तो शेरा ताटात कसा उतरतो ते पाहू. नावगाव न सांगता एक उदाहरण देतो. दोन वर्षे चार महिन्यांचा मुलगा. जन्मतः २.६ किलो, वर्षाचा असताना ८.३, दोन वर्षांचा असताना १०.३, आणि मला दाखविला तेव्हा १०.९. मधल्या रेघेच्या खाली, पण तिला समांतर, सरळ वाट. आई डोळ्यांत पाणी आणून बसलेली. घरच्या एका कार्यात कोणी म्हणाले होते, "अगं, याला काही घालतेस की नाही?" त्या दिवसापासून घरात जेवणाचे युद्ध सुरू झाले होते. एकेक जेवण दीड तास चाले. समोर मोबाईल लावावयाचा, तोंड उघडले की घास कोंबावयाचा, मूल रडले की बापाने टाळ्या वाजवावयाच्या, आणि ओकले की पुन्हा पहिल्यापासून. मुलाला आता भाताचे पातेले दिसले तरी रडू येई. तीन महिन्यांपूर्वी हेच मूल स्वतःच्या हाताने वरणभात खात होते.

यात त्या आईला दोष देण्यासारखे काय आहे? तिने आपल्यावरील आरोपाला उत्तर देण्याची धडपड केली. पण ते उत्तर ज्या मुलाच्या तोंडून वदवावयाचे होते, त्याची भूकच तिने त्यात गमावली. लीअ‍ॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचे खाणे दिवसचे दिवस मोजून पाहिले. एकेका जेवणात ही मुले सरासरी एक तृतीयांशाच्या फरकाने कमीअधिक खात. पण पूर्ण दिवसाचा हिशेब केला, तर तो फरक जेमतेम एक दशांश राही. सकाळी न जेवलेले मूल संध्याकाळी आपला हिशेब आपणच पुरा करते. हा काटा निसर्गाने मुलाच्या पोटात बसविलेला आहे. बाहेरून सतत दाब दिला, की तो बिघडतो. आणि 'खा, खा' म्हटल्याने मूल अधिक न खाता कमीच खाते, असाही अनुभव अभ्यासांतून आलेला आहे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी सांगितली आहे. काय वाढावे, केव्हा वाढावे आणि कोठे बसून खावे, हे मोठ्यांनी ठरवावे. खावे की नाही आणि किती खावे, हे मुलावर सोडावे. त्या घरात आम्ही एवढेच केले. मोबाईल बंद, जेवण अर्ध्या तासात आटोपते, ताट न बोलता उचलले जाते. पंधरा दिवस घरातील मोठ्यांना फार जड गेले. मूल मात्र तिसऱ्या आठवड्यात वरणभात मागू लागले.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, की लोकांचे बोलणे कानांआड करावे, एवढाच या व्याख्यानाचा उपदेश आहे. तसे असते तर मी हा विषय घेतलाच नसता. दुखावलेले मन जसे घास कोंबते, तसे ते कानही बंद करून घेते, आणि हा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे.

एक मुलगी नऊ महिन्यांची असताना ८.१ किलोंची होती, म्हणजे अगदी मध्यावर. वर्षाची असताना ८.४. दीड वर्षाची असताना ८.६. अंगणवाडीच्या ताईंनी आलेख दाखवून आईला सांगितले, की हिची रेघ आडवी झाली आहे, डॉक्टरांना दाखवा. घरात याचा अर्थ असा लागला, की 'आमच्या मुलीला कुपोषित म्हणते, आम्ही काय उपाशी ठेवतो काय?' आजीने निर्वाळा दिला, की आमच्या घराण्यात सगळे बारीकच. मुलीला अंगणवाडीत पाठविणे बंद झाले. दोन वर्षे पुरी होऊन गेली, वजन ८.८, पोट फुगलेले, स्वभाव किरकिरा, तेव्हा ती माझ्याकडे आली. तपासण्यांत सीलिअ‍ॅक रोग निघाला. या विकारात गव्हातील एक प्रथिन आतड्याला सोसत नाही, आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून पोळी सुरू झाल्यावर रेघ आडवी झाली होती. गहू आणि सातू बंद करून भात, ज्वारी, बाजरी यांवर ठेवले, तेव्हा वर्षभरात मुलगी पुन्हा आपल्या वाटेवर आली. त्या ताईंचे शब्द खरे होते. ते अपमान म्हणून ऐकले गेले, त्यामुळे सहा महिन्यांहून अधिक काळ वाया गेला.

तिसरे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. पाच वर्षांची मुलगी, वजन २६ किलो. शाळेतील बाईंनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, की लंगडी खेळताना हिला धाप लागते, एकदा दाखवून घ्या. वडील इतके संतापले, की शाळा बदलण्याच्या गोष्टी बोलू लागले. 'खात्यापित्या घरची मुलगी आहे, तुमच्या डोळ्यांवर का येते?' सुदैवाने मुलीच्या आईने ऐकले. औषध काहीच लागले नाही. रात्री बाटलीने साखरेचे दूध आणि दुपारी गोड सरबते चालू होती, ती थांबविली. संध्याकाळी खेळायला सोडले. आणि सगळ्या घराचेच फरसाण कमी केले. या वयात मुलाचे वजन उतरवायचे नसते. ते आहे तेथे राहू द्यावयाचे, म्हणजे उंची त्याला गाठते.

ही दोन्ही टोके आपल्या देशात एकाच वेळी नांदत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३२.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. आपल्या गुजरातेत हे प्रमाण ३९.७ टक्के होते. त्याच पाहणीत देशातील ३.४ टक्के मुले अतिवजनाची होती. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या, पाहणीत ती २.१ टक्के होती. जेथे दर तीन मुलांत एक कमी वजनाचे आहे, तेथे 'मुलाच्या वजनाविषयी कोणी बोलूच नये' असा नियम करणे परवडणारे नाही. बोलले पाहिजे. कोणी, कसे आणि कोणासमोर, हे ठरविले पाहिजे.

पालकांसाठी मी एक कसोटी सांगतो. मुलाच्या वजनाविषयी कोणी काही म्हणाले, तर तीन गोष्टी पाहाव्यात. बोलणाऱ्याने मूल मोजले आहे की नुसते पाहिले आहे? आजच्या दिवसापुरते बोलणे आहे की मागच्या काही महिन्यांशी ताडून? आणि बोलून झाल्यावर पुढे काय करावे, हे त्याने सांगितले आहे काय? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर ते वाक्य हवापाण्यावरचे समजावे, हसून सोडून द्यावे आणि घरी आणू नये. तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर मन कितीही दुखावो, ते वाक्य ऐकावे. ज्याने काटा, आलेख आणि सल्ला या तिन्हींचे कष्ट घेतले, तो आपल्या मुलाच्या बाजूचाच माणूस असतो.

आणि शंका राहिली, तर तिचे उत्तर चमच्यात शोधू नये, काट्यावर शोधावे. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात महिन्या-दोन महिन्यांनी वजन करावे, उंचीही मोजावी, आणि ममता कार्डावरील आलेखात ठिपका द्यावा. लहान बाळाचे वजन दोन-तीन महिने वाढलेच नाही, मोठे मूल आपल्या रेघेवरून खालच्या वा वरच्या रेघेकडे सरकत चालले, जुलाब लांबले, खेळणे मंदावले, मानेवरची कातडी काळवंडून जाड झाली, तर वेळ न दवडता दाखवावे. यांपैकी काहीच नसेल, तर आपले मूल हडकुळे असले तरी ते आपलेच हडकुळे मूल आहे, असे म्हणून निश्चिंत असावे.

घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. आपली काळजी खरी आहे, तिच्या मागचे अनुभवही खरे आहेत. पण 'रोडावलाय' हा शब्द सुनेला उद्देशून चारचौघांत न बोलता, 'चल, या महिन्यात वजन करून आणू, मी येते बरोबर' असे म्हणून पाहावे. काळजी तीच राहते, आरोप तेवढा गळून पडतो. आणि सुनांनी व मुलांनीही आजीच्या बोलण्याला उलट उत्तर देण्याऐवजी तिला आलेख दाखवावा. रेघ वर चढताना पाहून आजीचाही जीव निवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ही शिक्षणसंस्था आहे, म्हणून शेवटचे सांगणे शिक्षकांसाठी. वर्गातील चाळीस मुले रोज शेजारीशेजारी पाहणारे माणूस तुमच्याखेरीज दुसरे कोणी नाही. त्यामुळे एखादे मूल मागे पडते आहे, धापा टाकते आहे, डबा रोज तसाच नेते आहे, हे तुम्हांलाच आधी कळते. ते आईबापांना सांगणे हे तुमचे कर्तव्यच आहे. मात्र ते फाटकाशी, इतर पालकांच्या देखत सांगू नये. मुलाच्या देखत तर मुळीच नाही. तीन वर्षांच्या मुलालाही आपल्याविषयी काय चालले आहे ते कळते, आणि ज्याला 'जाड्या' म्हणून हाक येते, ते मूल पुढे पळण्याच्या शर्यतीत उतरण्याचेच सोडते. सांगताना शरीराचे वर्णन न करता जे पाहिले ते सांगावे. 'तुमची मुलगी जाड झाली आहे' असे न म्हणता 'गेल्या महिन्यापासून खेळताना लवकर दमते' असे म्हणावे. 'मुलगा अशक्त आहे' असे न म्हणता 'डब्यातली पोळी बहुधा परत जाते' असे म्हणावे. पहिल्या वाक्याला बाप उत्तर देतो. दुसरे ऐकून तो विचार करतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या आमच्या गुरुजींची या बाबतीत एक रीत होती. आमच्या वर्गात काडीपैलवान होते, भोपळे होते, टोपणनावांना काही तोटा नव्हता. गुरुजी हजेरी घेताना प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे संपूर्ण उच्चारीत, आणि वर्गातही त्याच नावाने हाक मारीत. कवाईतीच्या वेळी मुलांची उंची व वजन ते स्वतः टिपून घेत. पण तो आकडा कधी मोठ्याने वाचला गेला नाही. ज्या मुलाची काळजी वाटे, त्याच्या घरी ते संध्याकाळी पायी जात. त्या भेटीत काय बोलणे होई, ते वर्गाला कधी कळले नाही.

भावनगरला दक्षिणामूर्ति बालमंदिर चालविणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या एका गुजराती पुस्तकाचे नाव 'माबाप थवुं आकरुं छे' असे आहे. आईबाप होणे कठीण आहे, हे त्यांच्यासारख्या बालप्रेमी माणसाला पुस्तकाच्या शीर्षकात सांगावेसे वाटले. ते काम मुळातच कठीण आहे. आपल्या सहज बोलण्याने ते आणखी कठीण करू नये, आणि जेथे बोलणे अवश्य आहे तेथे ते ऐकण्याजोगे करून सांगावे, एवढी प्रार्थना करून मी आपले भाषण संपवितो.